डोकं वाचवायचं तर गुडघे हलवा

बॉक्सिंग शिकायला आलेल्या नवख्या मुलाला आरशासमोर उभं करा आणि सांगा, "समोरून जॅब आलाय, डोकं बाजूला घे." बहुतेक जण मान वाकडी करतात. कान खांद्याला टेकायला जातो, हनुवटी वर उचलली जाते आणि गुडघे काठीसारखे ताठ राहतात. तो जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कदाचित चुकेलही, पण त्याच्या मागोमाग येणारा उजवा हात उघड्या हनुवटीवर बसतो, आणि वाकलेल्या मानेत तो धक्का सोसायची ताकद नसते. ‘हेड मूव्हमेंट’ (ठोसा चुकवायला डोकं हलवणं) हे नावच फसवं आहे. डोकं नुसतं वर बसलेलं असतं, त्याची ने-आण करतात ते चवडे, गुडघे आणि कंबर.

एक खुलासा आधीच करतो. इंग्रजीतल्या पंचला मी इथे ठोसाच म्हणणार आहे. मराठीत पंच म्हणजे सामन्याचा न्याय करणारा, आणि त्याला चुकवून चालत नाही. दुसरं म्हणजे खालचं सगळं ऑर्थोडॉक्स पवित्र्यासाठी आहे: डावा पाय पुढे, उजवा हात मागे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

पवित्र्यापासून सुरुवात करू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. दोन्ही पावलं एकामागे एक, एकाच रेषेत येऊ देऊ नका. रेल्वेच्या दोन रुळांवर एकेक पाय ठेवल्यासारखी, खांद्याइतकं अंतर राखून ती उभी हवीत. मागची टाच जमिनीवरून जेमतेम सुटलेली. गुडघे इतके वाकलेले की खाली पाहिलं तर पुढचा गुडघा बुटाच्या नाडीवर दिसावा. हनुवटी गळ्याकडे ओढलेली, हातमोजे गालापाशी, कोपरं बरगड्यांना लागून. नजर समोरच्याच्या छातीवर, गळपट्टीच्या हाडांपाशी ठेवायची. तिथून त्याचे दोन्ही खांदे आणि पुढचा पाय एकाच वेळी दिसतात. मोज्याकडे पाहणारा नेहमी उशिरा हलतो, कारण मोजा हलतो सगळ्यात शेवटी.

पावलं अरुंद असली की स्लिप करताना, म्हणजे सरळ ठोशाच्या बाजूला सरकताना, तोल बाहेर जातो. ती फार पसरली तर गुडघे अडकतात आणि डोकं हलवायला कंबरेतून वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एक साधी खूण लक्षात ठेवा. डोकं कुठेही गेलं तरी नाक त्या बाजूच्या गुडघ्याच्या बाहेर जाता कामा नये. गेलं, की परत यायला एक जादा हालचाल लागते, आणि समोरचा नेमकी तीच वेळ हेरून असतो.

आता स्लिप. समोरचाही ऑर्थोडॉक्स आहे असं धरू. त्याचा जॅब डाव्या हाताचा, म्हणजे तुमच्या उजव्या अंगाने येणार. बाहेरची स्लिप तुमच्या उजवीकडे. डावा खांदा जॅब मारल्यासारखा पुढे वळतो, डावी टाच थोडी बाहेर फिरते, उजवा गुडघा अजून जरासा वाकतो आणि भार उजव्या मांडीत उतरतो. डोकं आपण हलवलंच नाही, खांदा वळला म्हणून ते बाजूला गेलं, असं वाटलं पाहिजे. त्याचा हात तुमच्या डाव्या खांद्यावरून निघून जातो. भार नीट गेला का ते पाहायचं असेल तर स्लिपच्या शेवटी थांबा आणि डावं पाऊल जमिनीवरून उचला. न डगमगता उचलता आलं तर ठीक. पाऊल उचलताना अंग डावीकडे कलंडलं, तर तुम्ही फक्त मान नेली होती.

किती हलायचं? चार बोटं. अगदीच लांब हातांचा गडी असला तर थोडं जास्त. मोजा कानाला घासून गेला तर ती स्लिप उत्तम झाली. हातभर लांब जाणारा प्रेक्षकांना चपळ दिसतो, पण तो परत जागेवर येईपर्यंत समोरच्याचा हात गार्डमध्ये, म्हणजे चेहऱ्यासमोर बचावाला, पोचलेला असतो. मग चुकवण्याचा उपयोग काय? स्लिप म्हणजे गोफण फिरवून ताणून धरणं. ज्या पायावर भार साठला, त्याच बाजूचा हात आता सुटायला तयार असतो. उजवीकडे गेलात तर उजवा सरळ किंवा उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा), डावीकडे गेलात तर डावा हुक (कोपर वाकवून आडवा मारलेला ठोसा), डोक्याला नाहीतर बरगड्यांखाली यकृतावर. नुसतं चुकवून मोकळं राहणारा बॉक्सर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सापडतोच, कारण समोरच्याला चुकल्याची काही किंमत मोजावी लागत नाही. मग तो निवांतपणे दोनाऐवजी चार ठोसे सोडतो.

डावीकडची, म्हणजे जॅबच्या आतली स्लिप जास्त जोखमीची. तुम्ही थेट त्याच्या मागच्या हातासमोर जाता. त्याचा उजवा सरळ आणि उजवा अपरकट दोन्ही तिथे वाट पाहत असतात. म्हणून ही स्लिप शिकवताना डाव्या मोज्याची पाठ गालाला चिकटलेली आहे ना, हे दर वेळी पाहावं लागतं. उजवीकडच्या स्लिपलाही धोका आहेच. जॅब अर्ध्यात वळवून हुक मारणारे असतात, आणि तुम्ही त्या हुकाच्याच दिशेने डोकं नेत असता. तिथे उजवा मोजा कानाला लावलेला हवा. स्लिप करतानाच हात खाली येणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. खांदा वळला की त्या बाजूचा हात आपोआप छातीपर्यंत उतरतो. त्यावर जुना उपाय आहे: काखेत, कोपराच्या वर, घडी घातलेला रुमाल धरायचा आणि स्लिप करायची. रुमाल पडला की पहिल्यापासून.

उजवा सरळ ठोसा आला तर सगळं उलट. तो तुमच्या डाव्या अंगाने येतो, त्याची बाहेरची बाजू डावीकडे. जॅब आणि उजवा अशी जोडगोळी आली की उजवीकडे, मग डावीकडे, अशा दोन स्लिप. मधे डोकं मध्यावर थांबवायचं नाही, आणि दुसऱ्या स्लिपनंतर डावा हुक सोडायचा. स्लिपची ही पहिली पूर्ण ‘गोष्ट’ म्हणता येईल. ती बसेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

वेळेचं गणित मात्र क्रूर आहे. डोळ्यांना काही दिसून स्नायू हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, आणि चांगला जॅब जवळून सुटला तर त्याला पोचायलाही फारसा जास्त वेळ लागत नाही. म्हणजे निव्वळ पाहून चुकवणं टप्प्यात उभं राहून जमत नाही, कितीही चपळ असा. यावर दोन उपाय. पहिला अंतराचा. हात लांब केला तरी मोजा नाकाच्या चार बोटं अलीकडे थांबेल इतकं लांब उभं राहायचं. मग त्याला पाऊल टाकावंच लागतं, आणि पाऊल डोळ्याला लवकर दिसतं. दुसरा, आधीची खूण वाचण्याचा. कोपर बरगडीपासून सुटणं, पुढच्या गुडघ्यावर भार येणं, खांदा किंचित वर जाणं, श्वास आत घेतला जाणं. प्रत्येकाची एखादी सवय असते, आणि पहिला राउंड ती शोधण्यातच घालवावा.

समोरचाही अडाणी नसतो. तो हूल देतो. नुसता खांदा हलवतो आणि तुमचं डोकं कुठे पळतं ते बघतो. दोन-तीन हुलींना तुम्ही उजवीकडेच गेलात की चौथ्या वेळी खरा ठोसा तुमच्या डोक्याच्या जुन्या जागी येत नाही, नव्या जागी येतो. म्हणून हुलीला पूर्ण स्लिप द्यायची नाही. गुडघ्यातून बोटभर खाली-वर, तेवढंच. आणि आपली स्वतःची हालचाल घड्याळाच्या लंबकासारखी होऊ द्यायची नाही. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे अशी ठेक्यात डोलणारी मुलं स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) फार सुंदर दिसतात, आणि शांत डोक्याचा कोणीही त्यांना तिसऱ्या ठेक्यावर पकडतो. उजवीकडे दोनदा, मग थांबा, मग खाली, मग एक जॅब, मग डावीकडे. ठेका मोडता आला पाहिजे.

निसर्गदत्त चपळाईवर उभी केलेली शैली का फसते, याचं ठसठशीत उदाहरण ब्रिटनच्या प्रिन्स नसीम हमीदचं आहे. हात कंबरेशी, पावलं पसरलेली, कंबरेतून मागे आणि बाजूला झुकायचं, आणि भलत्याच कोनातून ठोसा सोडायचा. बरीच वर्षं हे चाललं. ७ एप्रिल २००१ रोजी लास वेगासला मार्को अँटोनिओ बरेराने घाईच केली नाही. नसीम झुकला की बरेरा तो परत यायची वाट पाहायचा आणि तो सरळ होताना मारायचा. डाव्या हुकांचा तर पाऊसच पडला. निकाल एकमताने बरेराच्या बाजूने लागला. चुकवताना डोकं सुरक्षित असतं. धोका असतो तो परत येताना, आणि गुडघ्यांऐवजी कंबरेतून झुकणाऱ्याला परतीचा रस्ता एकच असतो.

हुक चुकवायला स्लिपचा उपयोग नाही, तिथे रोल लागतो. हुक आडवा येतो, म्हणून त्याच्या खालून जायचं आणि त्याच्या हाताच्या बाहेर वर यायचं. समोरच्याचा डावा हुक तुमच्या उजवीकडून येतो. भार डाव्या पायावर असताना गुडघ्यांत बसा, डोकं इंग्रजी ‘यू’च्या आकारात खालून उजवीकडे न्या, आणि उजव्या मांडीवर भार घेऊन वर या. खोली फार नको. मोजा केसांवरून गेला की पुरे, म्हणजे पंधरा सेंटीमीटरच्या आतबाहेर. हा रोल जॅब-उजवा मारल्यानंतर सगळ्यात नैसर्गिक येतो. उजवा मारल्यावर भार डाव्या पायावर असतोच, आणि समोरचा त्याच वेळी डाव्या हुकाने उत्तर देतो. जॅब, उजवा, रोल, पुन्हा उजवा. ही चौकडी कोचने हातात धरलेल्या पॅडवर शंभरदा झाली तरी कंटाळू नये. उजव्या हुकासाठी आरसा फिरवा: डावा हुक मारून झाला, भार उजवीकडे, खालून डावीकडे, पुन्हा डावा हुक.

रोलमध्ये काय बिघडतं? गुडघ्यांऐवजी पाठ वाकते. पाठ वाकली की चेहरा जमिनीकडे जातो, डोळ्यांसमोर बूट दिसायला लागतात, आणि खालून येणारा अपरकट दिसतच नाही. कुस्तीत म्हणतात तसं प्रत्येक डावाला तोड असते. रोलची तोड अपरकट, आणि त्याचा सगळ्यात भयंकर धडा २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनला मिळाला. जो फ्रेझर त्या वेळी अजिंक्य जगज्जेता होता. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने याच वाकत-डोलत पुढे सरकण्याच्या शैलीने मोहम्मद अलीला हरवलं होतं. पंधराव्या राउंडला त्याच्या डाव्या हुकाने अली पाठीवर पडला होता. किंग्स्टनला समोर जॉर्ज फोरमन होता. त्याने फ्रेझरला आत येऊच दिलं नाही. दोन्ही हातांनी खांद्यांना रेटून त्याला हातभर लांब ठेवलं, आणि डोकं दर वेळी त्याच उंचीवर, त्याच ठेक्यात खाली येतंय म्हटल्यावर तिथेच उजवा अपरकट आणि हुक ठेवले. दोन राउंडांत फ्रेझर सहा वेळा खाली गेला, आणि लढत दुसऱ्याच राउंडला थांबली. अलीविरुद्ध चाललेली शैली दोन वर्षांनी इतकी उघडी पडली याचं कारण माझ्या मते शौर्य किंवा वय नव्हे. पुढे जाताना डोक्याची उंची बदलत नव्हती, आणि समोरचा माणूस रेटून अंतर राखू शकत होता, एवढंच.

मागे झुकून चुकवणं, ज्याला पुल म्हणतात, ते दिसायला सोपं आणि शिकायला घातक. भार मागच्या पायावर, मागचा गुडघा वाकलेला, हनुवटी अजूनही गळ्याशी, आणि डोकं मागच्या पावलाच्या मागे जात नाही, या चार गोष्टी सांभाळल्या तर जॅब नाकासमोर दोन बोटांवर थांबतो आणि तुमचा उजवा त्याच रस्त्याने परत जातो. फ्लॉइड मेवेदरचा हा हुकमी घाव होता. हनुवटी वर गेली, पाठ कमानदार झाली, तर दुसरा ठोसा पोचतोच, आणि त्या वेळी तुमचे पाय तुम्हाला कुठेही नेऊ शकत नाहीत. अली हे हात खाली ठेवून करायचा. त्याला शोभलं, कारण पाय सतत चालू होते आणि उंचीचा फायदा होता. क्लबातल्या पोराने त्याची नक्कल करू नये.

शोल्डर रोल मी एका ओळीत उरकणार होतो, पण मेवेदरचं नाव आलंच आहे. त्यात डावा हात पोटाशी असतो, डावा खांदा हनुवटीवर चढतो, आणि समोरचा उजवा सरळ त्या खांद्यावरून घसरवला जातो. उजवा मोजा समोरच्याच्या डाव्या हातासाठी राखलेला. डावखुऱ्यासमोर हे गणित कोलमडतं, कारण त्याचा जोरदार हात खांद्याच्या बाजूने न येता उघड्या बाजूने येतो. वर्षभर स्लिप आणि रोल झाल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

पिकाबू हा वेगळा संप्रदाय आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रामर्सी जिममध्ये प्रशिक्षक कस डी'अमाटोने तो घडवला: दोन्ही मोजे गालांना, कोपरं आत, पवित्रा जवळजवळ समोरासमोर, आणि डोकं क्षणभरही मध्यावर थांबत नाही. फ्लॉइड पॅटरसन आणि जोसे टोरेस आधीचे, माइक टायसन शेवटचा. टायसन १७८ सेंटीमीटरचा, म्हणजे हेवीवेटमध्ये, सगळ्यात जड वजनगटात, बुटका. त्याला जॅबच्या आत शिरायचं होतं, आणि शिरताना दर पावलाला डोकं बाजूला न्यायचं होतं. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडला झोपवलं आणि विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्या काळातल्या त्याच्या लढती हळू करून पाहा. हात सुटण्याआधी दर वेळी एक स्लिप आहे, आणि स्लिपनेच हाताला जोर दिलाय. डी'अमाटो १९८५ मध्ये गेले होते, आणि १९८८ मध्ये टायसनने केव्हिन रूनी या शिक्षकाला दूर केलं. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लससमोर तो सरळ रेषेत, डोकं न हलवता, एकेका ठोशासाठी आत जाताना दिसतो. डग्लसचे हात जवळपास फूटभर जास्त लांब. जॅबने त्याला दिवसभर टोचलं आणि दहाव्या राउंडला अपरकटने उभं करून पुढच्या ठोशांनी पाडलं. टायसनचे हात तेवढेच वेगवान होते. थांबलं होतं ते डोकं, आणि डोकं थांबलं कारण पाय थांबले.

याच्या अगदी उलट टोकाला अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे. टोपणनाव ‘एल इंटोकाब्ले’, म्हणजे ज्याला हात लागत नाही असा. ठोशात फारसा जोर नाही. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत पॉल फुजीविरुद्ध तो दोरांपाशी उभा राहून, पावलं जेमतेम हलवत, नुसते खांदे आणि कंबर फिरवून चुकवत राहिला. फुजी दहाव्या राउंडला उठलाच नाही. हवेत मारलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, हे बॅगवर कोणालाही कळत नाही. ते कळायला लोचेसारखा माणूस समोर लागतो.

पण पंच हे नेहमी मोजतात असं नाही. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनिओत पर्नेल व्हिटेकरने हुलिओ सेसार चावेझला रात्रभर हवेत ठोसे मारायला लावले. दोन पंचांनी ११५-११५ दिले, एकाने ११५-११३ व्हिटेकरला, आणि लढत बरोबरीत सुटली. आजही बहुतेक जाणकार त्याला अन्याय म्हणतात. मीही म्हणतो. तरी धडा घ्यायचा तो हाच, की चुकवल्यानंतर लागलेला ठोसा पंचाच्या डोळ्यात भरतो, नुसतं चुकवलेलं विसरलं जातं.

अलीकडचं पाहायचं असेल तर ऑलेक्झांडर उसिक पाहा. १८ मे २०२४ रोजी रियाधला त्याने टायसन फ्युरीला हरवलं, आणि फ्युरी त्याच्यापेक्षा १५ सेंटीमीटर उंच. विशेष म्हणजे फ्युरीसुद्धा एवढ्या मोठ्या देहाला न शोभेल इतक्या सहज मागे झुकून चुकवणारा. फरक पायांत होता. उसिकचं डोकं आणि पाय एकाच तालावर चालतात. स्लिप झाली की पाऊल कोन बदलतं, आणि फ्युरीचा पुढचा ठोसा जिथे उसिक होता तिथे जातो. आधुनिक बॉक्सिंगमध्ये डोक्याची हालचाल इथवर आली आहे. जागेवर उभं राहून चुकवणं हा अर्धा भाग झाला.

सराव कसा करायचा, ते आता तपशीलात.

दोरी हवी: साधी नायलॉनची, चार मीटर, दोन खांबांना बांधलेली. पवित्र्यात उभं राहिलं की ती खांद्याच्या उंचीवर यावी. फार खाली बांधली तर मुलं पाठ वाकवतात, फार वर बांधली तर गुडघे वाकतच नाहीत. एका टोकाला उभं राहा, डोकं दोरीच्या डाव्या बाजूला. खालून उजवीकडे, वर, अर्धं पाऊल पुढे, खालून डावीकडे, वर. नजर सतत समोर, दोरीकडे पाहायचं नाही. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड पहिल्या महिन्यात पुरेत. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या दुखल्या तर ठीक चाललंय. कंबर दुखली तर तंत्र चुकलंय.

स्लिप बॅग विकत घ्यायची गरज नाही. मूळची ती मका भरलेली छोटी पिशवीच असते. आपल्याकडे जाड पायमोजा किंवा कापडी पिशवी घ्या, पाव किलो ज्वारी भरा, तोंड घट्ट शिवा आणि छताच्या हुकाला दोरीने नाकाच्या उंचीवर टांगा. झोका द्या. पिशवी तुमच्याकडे येताना डोकं बाजूला, मागे जाताना परत मध्यावर. पहिली चूक म्हणजे पिशवीला घाबरून डोळे मिटणं. ती लागली तरी काही होत नाही, म्हणून तर ज्वारी. वाळू भरू नका, नाकावर बसली की कळेल. दुसरी चूक, पिशवीच्या ठेक्याची सवय लागणं. म्हणून दर दहा-बारा झोक्यांनी तिला बोटाने वाकडी ढकला.

जोडीदाराबरोबर करताना सगळं त्याच्यावर असतं. त्याने जॅब खरोखर कपाळावर मारायचा, अर्ध्या वेगाने. तुमची काळजी म्हणून तो मुद्दाम कानाबाहेर मारू लागला तर तुम्ही न हलताही वाचता, आणि मेंदू तेच शिकतो. फक्त जॅब, दोन मिनिटं. मग जॅब किंवा उजवा, त्याच्या मर्जीने. मग त्याला हूल द्यायची मुभा. शेवटी तुम्हाला एक उलट ठोसा मारायची मुभा. या पायऱ्या आठवड्यात उरकायच्या नाहीत, एकेकीला दोन-तीन आठवडे द्या. कोचच्या हातात पॅडऐवजी पोहण्याच्या तलावातली फोमची नळी असेल तर फार बरं. ती हुकासारखी आडवी फिरते आणि लागली तरी दुखत नाही.

स्पारिंगमध्ये हेडगार्ड घातलं की डोकं दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद होतं आणि बाजूचं दिसणं कमी होतं. आरशात बरोबर असलेली स्लिप तिथे अपुरी पडते, म्हणून हेडगार्ड घालूनच शॅडोचा (एकट्याने हवेत ठोसे मारायच्या सरावाचा) एखादा राउंड करावा. आणि हेडगार्ड आहे म्हणून मेंदूला धक्का बसत नाही, हा गैरसमज सोडा. ते कातडीच्या जखमा वाचवतं, धक्का नाही. हौशी पुरुषांच्या लढतींतून ते २०१३ मध्ये काढलं गेलं, आणि तेव्हापासून वाकून आत शिरणाऱ्यांच्या भुवया डोक्याला डोकं लागून फुटण्याचा धोका वाढला. डावखुऱ्यासमोर तर हमखास, कारण दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात. तिथे जॅबच्या बाहेरची स्लिप तुमच्या डावीकडे होते, आणि त्याच वेळी डावं पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर कपाळं भेटतात. हौशी नियमांत आणखी एक अट आहे: कंबरपट्ट्याच्या खाली डोकं नेऊन धोका निर्माण केला तर तो फाउल. टायसनच्या चित्रफिती पाहून खोल बसणाऱ्यांना रेफरी पहिल्या राउंडलाच ताकीद देतो, आणि ताकिदींची संख्या वाढली की गुण जातात.

तीन मिनिटांचे तीन राउंड म्हणजे फार नाही असं वाटतं, पण सतत रोल करणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या राउंडच्या शेवटी भरून येतात. मांड्या भरल्या की गुडघे वाकत नाहीत, गुडघे वाकले नाहीत की पाठ वाकते, आणि मग तो किंग्स्टनचाच अपरकट. कोपऱ्यातल्या माणसाने हे तोंडाकडे न पाहता गुडघ्यांकडे पाहून ओळखावं. दोन रोलमध्ये मुलगा ताठ उभा राहायला लागला की सूचना एकच द्यायची: रोल बंद, मोजे गालाला, स्लिप फक्त जॅबला, हुक आला तर गार्डवर घे, आणि त्याने जोडगोळी सोडली की आत शिरून हात बांध.